विंचवाचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण ज्याच्याविषयी म्हणतो तो मनुष्य बहुधा बदलीच्या नोकरीतला असतो, आणि त्याचे बिऱ्हाड पाठीवर नसून मालमोटारीवर असते. खुद्द विंचवाच्या पाठीवरही घर असे काही नसते. मादीला पिल्ले झाली म्हणजे ती तिच्या पाठीवर चढून बसतात आणि पहिली कात टाकीपर्यंत तेथेच राहतात. ज्या कोणी ही म्हण प्रथम उच्चारली त्याने एखादा धोंडा उलथून ते दृश्य पाहिले असले पाहिजे. आमचा या म्हणीशी आजवरचा संबंध केवळ वाक्यात उपयोग करण्यापुरता होता. येत्या मार्गशीर्षात मात्र ती शब्दशः आचरणात आणण्याचा प्रसंग आला आहे. आमचा पुतण्या आणि त्याचे तीन मित्र राजमाचीला दोन रात्री तंबू ठोकून राहणार आहेत. त्याने सहज विचारले, "काका, तुम्ही येता का?" आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, कापडाच्या छपराखाली एक रात्रही न काढलेले आम्ही "येतो" म्हणालो. त्यावर तो चिरंजीव मोठ्या मायेने म्हणाला, "मग सामानाची काळजी करू नका. तुमचे सामान आम्ही आलटून पालटून घेऊ, तुम्ही नुसते चला."

या शेवटच्या वाक्यातला भाव उत्तम होता, यात संशय नाही. परंतु 'नुसते चला' हे शब्द आमच्या मनात रुतून बसले. लग्नाच्या वऱ्हाडात वयोवृद्धांना असेच नुसते चला म्हणतात. आपले ओझे दुसऱ्याने उचलावे ही सोय केव्हा ना केव्हा स्वीकारावी लागणार, हे आम्ही जाणतो. पण ती मार्गशीर्षापासूनच सुरू व्हावी असे आम्हाला वाटेना. आम्ही त्याला एवढेच सांगितले की आमची पिशवी आम्ही घेऊ. तेव्हापासून गेला महिनाभर आमच्या घरात वजन हा एकच विषय आहे.

पुतण्याने धाडलेल्या यादीत एकतीस जिनसा होत्या. ती घेऊन आम्ही गिरिभ्रमणाचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानात गेलो. तेथला तरुण विक्रेता फार गोड बोलणारा होता. त्याने प्रथम तंबूच्या कापडाची थोरवी सांगितली: हे कापड तीन हजाराचे आहे. आम्हाला ते रुपये वाटले; निघाले मिलिमीटर. ताणलेल्या कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करीत न्यायचा आणि किती उंचीला ते पाझरू लागते हे पाहायचे, अशी ती परीक्षा असते. तीन हजार म्हणजे तीन मीटर उंचीच्या पाण्याचा दाब ते सोसते. गोष्ट खरी आणि मोठी मौजेची आहे. फक्त मार्गशीर्षात सह्याद्रीवर पाऊस बहुधा पडत नाही. त्या महिन्यात तंबूत पाणी येते ते आतून. निजलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमते आणि पहाटे अंगावर ठिबकते. म्हणून कापड किती जाड यापेक्षा झरोके किती व कोठे, हे पाहणे अधिक शहाणपणाचे. सुदैवाने तंबू मुलांपाशी होताच. त्या तीन हजारांना नमस्कार करून आम्ही पुढच्या फळीकडे वळलो.

पुढच्या फळीवर निजण्याच्या पिशव्या होत्या. या स्लीपिंग बॅगेविषयी आम्ही थोडा अभ्यास केला आहे, आणि तो वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटते. चांगल्या पिशवीच्या चिठ्ठीवर तीन तापमाने छापलेली असतात. पहिले, ज्यात सुखाने झोप लागेल. दुसरे, ज्यात अंग मुडपून रात्र निभावेल. तिसरे, ज्यात झोपेचा प्रश्नच नाही, काही तास जीव तगून राहील एवढेच आश्वासन. आता चमत्कार असा की बाहेरच्या वेष्टनावर ठळक टायपात झळकतो तो पुष्कळदा हा तिसरा आकडा. गिऱ्हाईक तो वाचून हिमालयाची स्वप्ने पाहते. राजमाचीसारख्या ठिकाणी इतक्या कडाक्याचा संबंध नाही. आम्ही पहिला आकडा पाहिला आणि हलकी पिशवी घेतली.

परंतु खरी थंडी वरून येत नाही, खालून येते. पिशवीतली ऊब म्हणजे तिच्या तंतूंत अडकलेली हवा. अंगाखाली ती दाबली जाऊन हवा निघून जाते, आणि मग जमीन रात्रभर आपल्या देहातली उष्णता शोषीत राहते. म्हणून अंगावर काय घ्यायचे यापेक्षा अंगाखाली काय घालायचे हा प्रश्न थोर. आमच्या आजीला हे शास्त्र न शिकता येत होते. परगावी निजायची वेळ आली की ती म्हणे, आधी खाली घोंगडी आहे का बघा, मग वर काय ते. धनगराच्या त्या काळ्या घोंगडीचे काम आता फोमची गुंडाळलेली चटई करते. ती केळीच्या पानासारखी हलकी आहे. घोंगडीवर निजलेल्या माणसाला तीत काव्य दिसणार नाही. पण घोंगडी आम्ही तोलून पाहिली, आणि काव्य घरी ठेवले.

तोलण्याचे साधन म्हणजे प्रवासी पेटी टांगून पाहायचा एक लहानसा काटा. यादीतले सारे सामान भरून पिशवी प्रथम त्याला अडकवली तेव्हा आकडा आला १७ किलो ४०० ग्रॅम. जाणते लोक सांगतात की पाठीवरचे ओझे देहाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त असू नये. आमचा देह ६२ किलोंचा; म्हणजे बारा किलोंच्या आसपास कमाल मर्यादा, आणि गुडघ्यांचे वय लक्षात घेता ती नऊवर आणणे बरे. आठ किलोंहून अधिक काही तरी कमी करायचे होते. येथून या तयारीतला खरा भाग सुरू झाला.

एकेक वस्तू बाहेर काढून बैठकीच्या सतरंजीवर मांडली. सौभाग्यवती समोर बसल्या. प्रत्येक वस्तू हातात घेऊन त्या विचारीत, "अहो, हे कशासाठी?" आणि उत्तर देताना आमच्या ध्यानात येऊ लागले की यादी वस्तूंची नव्हतीच, धास्तींची होती. दुसरी विजेरी कशाला? पहिली बंद पडली तर. तिसरा सदरा? दुसरा भिजला तर. जाडजूड सुरी? याला उत्तर नव्हते. ती पाहून शूर वाटते एवढेच. तीनशे पानांचे पुस्तक? रात्री झोप न लागली तर. ज्या धास्तीला राजमाचीवर घडण्यासारखे काही रूप होते ती ठेवली. जी केवळ घरात बसून सुचली होती ती कपाटात गेली. पुस्तक गेले, सुरी गेली, सदरा गेला. दुसरी विजेरी राहिली, कारण अंधारात पाय घसरणे हे काल्पनिक संकट नव्हे. रक्तदाबाच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवल्या. एक पुडी आमच्या पिशवीत आणि एक पुतण्याकडे. या बाबतीत मात्र दुसऱ्याच्या पाठीचा आश्रय घेण्यात कमीपणा नाही.

औषधांच्या पेटीशी येताच विंचू पुन्हा भेटला. दुकानात सर्पदंशावर उपाय म्हणून एक रबरी चोषणयंत्र विकायला होते. ते घेऊ नये. दंशावर चीर पाडणे, विष ओढून काढणे, करकचून बांधणे, या साऱ्यांनी हानीच होते. तो अवयव न हलवता माणसाला लवकर रुग्णालयात पोचवणे हाच उपाय. विंचवाचेही तेच. कोकणपट्टीत लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी पुष्कळ माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध या दंशावर किती गुणकारी आहे हे दाखवून दिले, आणि मृत्यूंचे प्रमाण फार मोठ्या अंशाने खाली आले. त्या कार्याला २०२२ साली पद्मश्रीचा मान मिळाला. तेव्हा या धास्तीसाठी पिशवीत घालायची वस्तू कोणती? काहीच नाही. सकाळी बूट झाडून घालायचे, रात्री तंबूची साखळी ओढून घ्यायची, आणि जवळचे रुग्णालय कोठे आहे हे निघण्यापूर्वी विचारून ठेवायचे. या तिन्हींचे वजन शून्य.

हलक्या ओझ्याचे स्तोत्र गाणारे लोक एमा गेटवूड या अमेरिकन आजीबाईंचे नाव घेतात. १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, अकरा मुलांची ही आई घरी नीटसे न सांगता निघाली आणि ॲपलाचियन डोंगररांगेतली तीन हजारांहून अधिक किलोमीटरांची वाट एकटी चालून गेली. तंबू नाही, निजण्याची पिशवी नाही. घरी शिवलेली एक झोळी, कांबळे, पावसाचा कोट, न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा आणि पायांत कापडी बूट. हा वृत्तांत वाचून आम्ही दोन दिवस भारावलेले होतो. मग लक्षात आले की वाटेत कितीतरी रात्री अनोळखी माणसांनी तिला आपल्या घरात जागा आणि पानात वाढून दिले होते. आपली पंढरीची वारी घ्या. वारकऱ्याच्या खांद्यावर लहानशी पिशवी आणि हातात टाळ. पण दिंडीची भांडी, धान्य आणि राहुट्या घेऊन मालमोटार पुढे गेलेली असते, आणि गावोगावी चुली पेटलेल्या असतात. आम्ही काही वजा केले म्हणजे ते जगातून वजा होत नाही. पुष्कळदा ते दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. एमाबाईंनी ते कृतज्ञतेने घेतले, वारकरीही घेतो. पण कोणाच्या डोक्यावर गेले याचा हिशेब ठेवला पाहिजे, असे आमचे मत आहे.

हा हिशेब राजमाचीला लावून पाहू. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी माचीवर उधेवाडी हे लहानसे गाव आहे. गो. नी. दांडेकरांच्या 'माचीवरला बुधा' या कादंबरीतला बुधा मुंबई सोडून जेथे परत येतो ती हीच माची. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे सुमारे पंधरा किलोमीटरांची वाट, बरीचशी सपाट; कर्जतच्या अंगाने कोंडाणे लेण्यांवरून येणारी वाट चढाची. मुलांनी आमच्यासाठी पहिली पत्करली आहे, आणि याबद्दल आम्ही तक्रार करणार नाही. उधेवाडीत घरोघरी पाहुण्यांना जेवण मिळते. म्हणून यादीतली शेगडी, गॅसची नळकांडी, पातेली आणि तांदूळ हे सारे काढून टाकले. एका फटक्यात साडेतीन किलो उतरले. मार्गशीर्षात डोंगरावरचे गवत वाळलेले असते आणि एका ठिणगीने वणवा लागतो, हेही शेगडी वगळण्याचे कारण. पण उतरलेले साडेतीन किलो आता उधेवाडीतल्या कोणा माउलीच्या हातांवर जाणार. पाच माणसांच्या भाकऱ्या ऐन वेळी थापायला सांगणे म्हणजे आपले ओझे तिला न विचारता तिच्या डोक्यावर ठेवणे. म्हणून चार दिवस अगोदर दूरध्वनी करून किती माणसे, किती जेवणे, हे कळवायचे आणि पैशांत घासाघीस करायची नाही, असे आम्ही मुलांकडून कबूल करून घेतले. आपला केर आपल्या पिशवीतून खाली आणायचा, हेही. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही तर आम्हालाच सामान लावून दिलेत."

पाण्याच्या बाबतीत काटकसर केली नाही. तीन लिटर म्हणजे तीन किलो. ते जसे प्यावे तसे हलके होत जाते, आणि ओझ्यांत असे उपकारी ओझे दुसरे नाही. त्यासह पिशवी परवा तोलली तेव्हा ९ किलो २०० ग्रॅम भरली. वरचे दोनशे ग्रॅम कोणते, यावर घरात मतभेद आहे. आमच्या मते ते डिंकाच्या लाडवांच्या डब्याचे आहेत. सौभाग्यवतींच्या मते ते दाढीच्या सामानाचे आहेत. दोन दिवस दाढी केली नाही तर राजमाची ढासळणार नाही, असे त्यांनी बोलून दाखवले. विचार चालू आहे.

घरी एक कागद मात्र लिहून ठेवला आहे: कोणत्या वाटेने जाणार, बरोबर कोण, त्यांच्या घरचे दूरध्वनी, कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत परत, आणि तोवर न आल्यास प्रथम कोणाला विचारायचे. डोंगरात फोन लागेलच असा भरवसा धरता येत नाही. तो कागद लिहीत असताना आम्हा उभयतांत जी शांतता पसरली ती थट्टेची नव्हती. सौभाग्यवतींनी तो दोनदा वाचला, 'सायंकाळी सहा' यापुढे 'नक्की' हा शब्द आमच्याकडून लिहवून घेतला, आणि देवघराच्या फडताळात ठेवला.

आता उरले आहेत पाय. नवे बूट पंधरा किलोमीटरांवर प्रथमच घालू नयेत, हा सर्व जाणत्यांचा एकमुखी सल्ला. म्हणून गेले तीन आठवडे आम्ही रोज पहाटे ते घालून पर्वती चढतो. पायऱ्या एकशे तीन. पहिल्या आठवड्यात रिकाम्या पाठीने, दुसऱ्यात पाच किलो तांदूळ पिशवीत घालून, आणि या आठवड्यात नऊ. नेहमी फिरायला येणारी मंडळी पाठीवरच्या फुगवट्याकडे पाहतात. काल एका वृद्ध गृहस्थांनी थांबवून विचारले, "काय हो, वर काही कार्य आहे का? तांदूळ वाहून नेताना दिसता रोज." आम्ही म्हटले, "कार्य राजमाचीला आहे." ते चार पायऱ्या आमच्याबरोबर चढले, मग म्हणाले, "जरा द्या पाहू," आणि पिशवी हातात घेऊन तिचे वजन अजमावू लागले.