‘नाही’ आणि ‘नको’

गेल्या जूनमध्ये लेकीचा पीयूसीचा प्रवेश अर्ज भरायला आम्ही दोघी बसलो होतो. नाव, जन्मतारीख झाली. मातृभाषेच्या रकान्यापाशी नेहमीप्रमाणे पाच मिनिटं गेली. (आई मराठी, वडील कन्नड. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रसंग होत असेल, त्यावर एक वेगळा लेख होईल.) पुढचा रकाना धर्माचा. तिनं पेन उचललं आणि विचारलं, ‘‘आई, इथं नास्तिक लिहू काय? आपण नास्तिकच ना, आजोबांसारखे?’’

‘‘नास्तिक हा काही धर्म नव्हे,’’ मी म्हटलं.

शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. त्यांना आम्ही सगळे अत्तीच म्हणतो. त्यांना मराठी सगळं कळतं, पण महत्त्वाचं काही विचारायचं असलं की त्या कन्नडवर येतात. ‘‘देवर इल्ल अंतीयेनु?’’ देव नाही म्हणतेस काय?

मी काही ठरवून बोलले नाही. तोंडातून गेलं, ‘‘इल्ल अनोदिल्ल अत्ती. ब्याड, अष्ट.’’ नाही असं म्हणत नाही. नको, एवढंच.

अत्तींना ते लगेच पटलं. त्या पुन्हा शेंगांकडे वळल्या. मी मात्र माझ्याच वाक्यापाशी अडकून राहिले.

इंग्रजीत ‘नो’ म्हटलं की भागतं. आपल्या दोन्ही भाषांना तसं चालत नाही. पंगतीत ‘भात नाही’ म्हटलं तर पातेलं रिकामं झालेलं असतं, ‘भात नको’ म्हटलं तर पोट भरलेलं असतं. ‘अन्न इल्ल’ आणि ‘अन्न ब्याड’ यांतही तोच फरक. नास्तिक मनुष्य ‘नाही’ म्हणतो. देव आहे काय, या एका प्रश्नाला त्यानं दिलेलं ते उत्तर आहे. धर्म न पाळणारा ‘नको’ म्हणतो. व्रत नको, सोवळं नको, मुहूर्त नको. देव आहे की नाही, हा प्रश्न त्यानं कदाचित स्वतःला कधी विचारलेलाही नसतो. पण गावात दोघांना एकच नाव मिळतं.

माझे बाबा पहिल्या प्रकारचे. शहापुरातल्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. जग चालायला देवाची गरज लागत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते आवाज न चढवता सांगत. देवापुढे हात जोडताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण दर एकादशीच्या संध्याकाळी विठोबाच्या देवळात भजनाला पखवाज तेच वाजवत. त्या दिवशी आईचा उपवास, घरात पोळी-भाकरी काही नाही, तरी दिवेलागणीला मूठभर कणीक मळली जायची. ती पखवाजाच्या डाव्या पुडीला लावण्यासाठी. ती लावल्याशिवाय त्या बाजूचा आवाज भरून येत नाही. कणीक सैल झाली तर बाबा परत मळायला सांगत. ‘‘देव नाही, मग भजन कुणासाठी?’’ असं मी एकदा विचारलं होतं. ‘‘भजन आहे की. ते नाही असं कधी म्हणालो मी?’’ एवढं बोलून ते चपला घालून गेले.

बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी गणपतीच्या आरतीला उभी राहिले नाही आणि घरभर जाहीर केलं की मी नास्तिक आहे. बाबा मनापासून हसले. म्हणाले, ‘‘नास्तिक व्हायला विचार करावा लागतो, बाई. तू नुसती आळशी आहेस.’’

तेव्हा राग आला होता. आज वाटतं, आळशी हा शब्द कठोर होता, पण निदान बरोबर होतं. माझं भांडण देवाशी कधी नव्हतंच, त्याच्या वेळापत्रकाशी होतं. महिन्यातले चार दिवस बाजूला बसणं, हळदीकुंकवाला एखाद्या काकूला बोलवायचं आणि दुसरीला का नाही ते कुणी सांगायचं नाही, परीक्षेच्या दिवशीही सोडता न येणारे उपास. ते मी एकेक करून सोडले. देव सोडला नाही. तो धरलेलाच नव्हता, असंही म्हणता येईल.

खरं तर ‘नास्तिक’ हा शब्दच आपल्याकडे निराळ्या वाटेनं आला आहे. पाणिनीच्या सूत्रावरचे टीकाकार परलोक मानणाऱ्याला आस्तिक आणि न मानणाऱ्याला नास्तिक म्हणतात. मनुस्मृतीच्या लेखी वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. देव असण्या-नसण्याचा सवाल त्यात मुख्य नव्हताच. म्हणून तर सांख्यकारिकेत जग घडवणारा ईश्वर नसूनही सांख्य आस्तिक दर्शनांत बसतं. पूर्वमीमांसेची तर गंमतच आहे. यज्ञातला एक मंत्र चुकता कामा नये, पण जगाचा कर्ता कुणी ईश्वर आहे हे जुने मीमांसक मान्य करत नाहीत. तरी ते पक्के आस्तिक! वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही जागी होतात.

पुस्तकंही कशाला हवीत, आमच्या शेजारीच बघा. शेजारच्या जैन काकू सूर्यास्तानंतर घास घेत नाहीत. बटाटा, कांदा, गाजर त्यांच्या घरात येत नाही. चातुर्मासात त्यांचे नेम ऐकूनच मला थकवा येतो. आपल्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत नेमिनाथांच्या दर्शनाला गेल्यावर त्या जितका वेळ शांत बसतात, तितका वेळ मी माझ्या वाचनालयातही बसत नाही. पण त्यांच्या शास्त्रात जग निर्माण करणारा आणि चालवणारा ईश्वर नाही. इतक्या धार्मिक बाईला नास्तिक कोण म्हणेल? उलट आमच्या अत्ती. त्या लिंगायत. रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करतात, त्या वेळी त्यांना हाक मारायची नाही. देवळात मात्र त्यांना कुणी ओढून न्यावं लागतं. बसवण्णांनी बाराव्या शतकात देहालाच देऊळ म्हटल्यावर परत दगडी देवळाची रांग कशाला, हा त्यांचा सवाल.

नरेंद्र दाभोलकरांनाही हे आयुष्यभर सांगत राहावं लागलं. आपल्या समितीचा विरोध देवाला किंवा धर्माला नाही, त्यांच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे, असं ते सभेसभेत सांगत. २०१३ साली त्यांचा खून झाला, तोवर लोक समितीला नास्तिकांची संघटना म्हणतच होते.

लेकीच्या अर्जापुरतं सांगायचं तर २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं निर्वाळा दिला आहे, की आपण कुठलाच धर्म पाळत नाही असं म्हणण्याचा हक्क नागरिकाला आहे आणि सरकार त्याला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. आमचं न्यायालय धारवाडचं, ते असो. २०११ च्या जनगणनेत ज्यांच्यापुढे धर्माची नोंद नाही अशी माणसं सुमारे २८ लाख ६७ हजार निघाली, म्हणजे ०.२४ टक्के. त्यांतले ‘नाही’वाले किती, ‘नको’वाले किती आणि घाईत रकाना कोरा राहिलेले किती, ते त्या आकड्यावरून समजत नाही. आम्ही मात्र काही क्रांती केली नाही. दाखल्यावर आधीपासून जे होतं तेच लिहिलं. प्रवेश घ्यायचा होता.

पण ‘आजोबांसारखे’ हा लेकीचा शब्द गेला नाही. त्याचं कारण सांगते.

बाबा २०२२ च्या डिसेंबरमध्ये गेले. त्याआधी नऊ दिवस ते रुग्णालयात होते. सहाव्या रात्री अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मी एकटीच होते, आणि माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलताहेत. ‘विठ्ठला, एवढं सांभाळ,’ असं मी किती वेळ म्हणत होते कोण जाणे. आत बाबा शुद्धीवर होते. दुसऱ्या दिवशी आईनं कुणीतरी दिलेला अंगारा आणला. मी अडवणार होते. बाबा म्हणाले, ‘‘लाव की. तुला बरं वाटेल.’’ आणि कपाळ पुढे केलं.

ते गेल्यावर त्यांनी अर्ज भरून ठेवला होता त्याप्रमाणे नेत्रदान झालं. बाकी विधींबद्दल त्यांनी काही लिहून ठेवलं नव्हतं. ठरवलं ते मी. दहावा नको, पिंड नको, बाराव्याचं जेवण नको. पुण्याहून आलेला धाकटा भाऊ म्हणाला, ‘‘ताई म्हणेल तसं.’’ आई ‘‘बरं’’ म्हणाली. विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगत होते, बाबा नास्तिक होते.

अकराव्या दिवशी संध्याकाळी दारात भजनी मंडळी उभी राहिली. सहा जण, हातात टाळांच्या पिशव्या. वीणा धरणारे काका म्हणाले, ‘‘मास्तरांसाठी दोन अभंग म्हणून जातो, पोरी.’’

मी म्हटलं, ‘‘नको काका. बाबांना आवडलं नसतं.’’

माझ्या पाठीमागे भिंतीला पखवाज टांगलेला होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून बाबांनी तो वाजवला होता. बाबांना काय आवडतं, हे त्यांना मी सांगत होते. ‘‘बरं बाई,’’ म्हणून ते पायऱ्या उतरले.

‘नाही’ बाबांचं होतं आणि त्यासाठी त्यांनी आयुष्यभर विचार केला होता. ‘नको’ माझं होतं. दारात उभं राहून स्वतःच्या नावानं ‘नको’ म्हणायचं धैर्य झालं नाही, म्हणून मी बाबांचं नाव पुढे केलं. आणि दोन शब्दांतला हा फरक अडीच वर्षांनी, एका अर्जापुढे बसून, सासूला उत्तर देताना मला कळला. मराठी शिकवते मी!

पुढच्या रविवारी शहापुरात गेले. आई अंगणात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, ‘‘आई, त्या दिवशी मी भजनाला आलेल्यांना परत पाठवलं.’’

‘‘होय,’’ ती म्हणाली. ‘‘मला ऐकायचं होतं.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘तू शिकलेली. म्हटलं, तुला ठाऊक असेल.’’

तिथूनच काकांना फोन लावला. आषाढीला घरी भजन कराल काय, विचारलं. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘पखवाजाची पुडी सैल झाली असेल. आधी पोराला पाठवतो बघायला.’’

आषाढीच्या संध्याकाळी ते आले. मी हात जोडले नाहीत, कुणी जोडायला सांगितलंही नाही. अत्ती आल्या होत्या, त्या खुर्ची सोडून सतरंजीवर बसल्या. पखवाजाला गल्लीतलाच वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता. त्यानं बसल्या बसल्या कणीक मागितली. आईनं ती आधीच मळून ओल्या फडक्यात ठेवली होती.

साडेनवाला भजन संपलं. मुलानं पुडीवरची कणीक खरवडून गोळा केली आणि इकडेतिकडे बघत विचारलं, ‘‘ही कुठं टाकू, आजी?’’

आई म्हणाली, ‘‘टाकू नको. इकडे दे. हे ती सकाळी गाईला घालायचे.’’