आवक-जावक

कन्हानला राहून नदीपलीकडे कामठीच्या एका कचेरीत आवक आणि जावक या दोन नोंदवह्या सांभाळण्यात ज्याची उमेदीची वर्षे खर्ची पडली, त्याने उतारवयात जर्मन भाषेच्या नादी लागावे हे विचित्र खरेच. पण त्या भाषेतील ‘हिन’ आणि ‘हेर’ हे शब्द पुढ्यात आले तेव्हा आपल्याच दप्तराचा एखादा जुना रुमाल कोणी सोडून ठेवला आहे, असे मला वाटले. बोलणाऱ्यापासून दूर जाणारी गती ती ‘हिन’, म्हणजे जावक. त्याच्याकडे येणारी ती ‘हेर’, म्हणजे आवक. ‘वोहिन’ म्हणजे कोणीकडे, ‘वोहेर’ म्हणजे कोठून. आपला हेरही बातमी घेऊन आपल्याकडेच येतो, या शब्दसाम्याचा आधार स्मरणापुरता मी निःसंकोच घेतला. व्युत्पत्तिशास्त्र्यांनी क्षमा करावी.

रेल्वेची अप गाडी पाहणारा कोठेही उभा असला तरी अपच राहते. या शब्दांना ते स्थैर्य नाही. पुलावरून कामठीस निघालेला मी कन्हानच्या काठावरील माणसाच्या लेखी ‘हिन्यूबर’ जात असतो, आणि त्याच क्षणी पैलतीरावरून हाक मारणाऱ्याच्या लेखी ‘हेर्यूबर’ येत असतो. दारावर थाप पडली की आतला मनुष्य ‘हेराइन’ म्हणतो. मी मात्र बाहेरच्याची चाल त्याच्या बाजूने मोजून ‘हिनाइन’ म्हणत असे, म्हणजे स्वतःच्या खोलीत बसून स्वतःलाच उंबऱ्याबाहेर उभा करीत असे. शिवाय हे शब्द क्रियापदाला जोडलेले असूनही साध्या वाक्यात सुटून थेट शेवटी जाऊन बसतात. वैदिक भाषेतील उपसर्गही धातूपासून असेच दूर राहू शकत आणि पाणिनीने त्याची दखल घेतली आहे, हे आठवले तेव्हा परकेपणा पुष्कळ ओसरला.

ओसरला नाही तो एका ठिकाणी. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. पाऊल बाहेर पडत असताना जीभ परतण्याची हमी देते. हेच जर्मनमध्ये शब्दशः म्हटले, तर यजमान निरोप द्यायचा सोडून माझी वाट पाहत बसेल.

एवढ्या कवायतीनंतर कळले, की उत्तर जर्मनीची माणसे रोजच्या बोलण्यात वर जाण्याला ‘हिनाउफ’ आणि वर येण्याला ‘हेराउफ’ असा भेद न ठेवता दोहोंना नुसते ‘राउफ’ म्हणतात. आवक आणि जावक एकाच रकान्यात चढविणारा कारकून आमच्या कचेरीत आठ दिवस टिकला नसता.