लिंबाची पट्टी

३ एप्रिल, श्रीगोंदा
उन्हं तापली की लिंबाला भाव चढतो आणि आडतीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. मामांचा हट्ट असा, की काट्यावरचं वजन वहीतून पुन्हा उतरवायचं नाही, थेट सर्व्हरवर जायला हवं. मित्राने तिथे फॉर्म करून दिलाय. ब्राउझरमधून भरला की नोंद पडते आणि शेतकऱ्याला पट्टीचा, म्हणजे हिशेबाचा, मेसेज जातो. आता ब्राउझरचं सोंग माझ्या प्रोग्रामने घ्यायचं. नाव, गाव, मोबाइल, गोण्या, वजन... मधे 'बरोबर' आणि 'अँड'ची चिन्हं घालून एक लांबलचक ओळ हातानेच जोडली आणि पोस्ट केली. पायथॉनने हात वर केले : मजकूर लॅटिन-१ मध्ये बसत नाही. बसणार कसा? गाव श्रीगोंदा!

४ एप्रिल
मजकुराचं यूटीएफ-८ केलं. गेला. सर्व्हरने २०० म्हटलं, मी चहा सांगितला. संध्याकाळी मामा म्हणाले, "पट्टीचा मेसेज एकालाही गेला नाही रे." पाहिलं तर +९१ मधला अधिक गायब, तिथे मोकळी जागा. फॉर्मच्या रीतीत अधिक म्हणजे स्पेस. चूक सर्व्हरची नव्हतीच.

५ एप्रिल
जोडकाम लायब्ररीतल्या 'यूआरएल-एनकोड'कडे सोपवलं. बाहेर पडलेली ओळ वाचत बसलो. नुसता 'श' म्हणजे %ई०%ए४%बी६. 'श्रीगोंदा'चे काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण धरून नऊ तुकडे. प्रत्येकाचे तीन बाइट, बाइटमागे तीन चिन्हं. झाली ८१. गावाचं जुनं नाव चांभारगोंदा, त्याचीही मोजली, तर ९९! नाव बदललं ते बरंच झालं. हे यूटीएफ-८ केन थॉम्पसनने १९९२ साली न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदावर मांडलं म्हणे. आमच्या वेलांट्यांचे तीन-तीन बाइट तिथपासूनचे.

९ एप्रिल
काल दुपारी नेट ये-जा करत होतं. आज सकाळी एक म्हातारबाबा फोन पुढे धरून उभे. "भाचेबुवा, चौदा गोण्या घातल्या, पट्ट्या दोन आल्या. माल रात्रीतून व्याला का? मग पैसंबी दोनदा द्या!" हमाल हसून बेजार. झालं होतं असं : नोंद पोचली, पण पोच परत येईना, प्रोग्रामने दहा सेकंद वाट पाहिली आणि तीच ओळ पुन्हा धाडली. सर्व्हरच्या लेखी दोन वेगळी वजनं. पुन्हा धाडणं बंद करावं, तर एखादी नोंद कायमची बुडायची.

१० एप्रिल
प्रत्येक नोंदीसोबत आता पट्टी नंबर जातो. तोच नंबर दुसऱ्यांदा आला, तर सर्व्हर नवी नोंद न करता जुनीच पोच देतो. नेटची वायर मुद्दाम उपटून तीनदा पाहिलं; नोंद एकच.
नंबर कुठून घ्यायचा, यावर बराच वेळ घोळ चालला. शेवटी मामांच्या वहीतून घ्यायचं ठरलं. ती काट्याशेजारी आहेच.