संदर्भ हवा

बेलवलीत राहणाऱ्या एका निवृत्त मराठी शिक्षकांनी मराठी विकिपीडियावरील आपल्या परिसराच्या नोंदीला हात घातला तो केवळ शुद्धलेखनासाठी. ऱ्हस्वदीर्घ सुधारले, ‘निसर्गरम्य’, ‘सुप्रसिद्ध’ ही विशेषणे काढली, ‘असून’ने लांबलेली वाक्ये तोडली. वह्या तपासण्यात जन्म गेलेल्या हाताला हे नवे नव्हते. अडले ते पुराच्या परिच्छेदाशी.

२६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीचे पाणी त्यांच्या घरात शिरले होते. भिंतीवरची ती रेघ त्यांनी पुढे रंगकामातही पुसू दिली नाही. पाणी खिडकीच्या चौकटीला टेकले होते, एवढेच त्यांनी नोंदीत लिहिले. काही दिवसांत त्या वाक्याच्या शेवटी कोणीतरी ‘संदर्भ हवा’ अशी खूण जोडली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, हे वाक्य मात्र निर्वेध राहिले. त्याच्या पाठीशी वृत्तपत्रे होती. शिक्षकांनी जे पाहिले नव्हते ते प्रमाण ठरले, आणि जे डोळ्यांदेखत घडले ते संशयित. हा नियम मूर्खपणाचा आहे असे म्हणवत नाही. कोणीही लिहावे अशी मुभा जेथे आहे, तेथे प्रत्यक्षापेक्षा शब्दप्रमाण वरचढ मानण्यावाचून गत्यंतर नसते. नैयायिकांना हा क्रम रुचला नसता, ही गोष्ट वेगळी.

केतकरांच्या ज्ञानकोशात संपादकाचा आग्रही स्वर लपत नाही. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातील नोंदीखाली लेखकाचे नाव येते, म्हणजे विधानाचा जबाबदार धनी सापडतो. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाच्या लेखाखाली नाव नाही. पण ‘इतिहास’ या पानावर प्रत्येक फेरफार तारीखवेळेसह साठवलेला असतो. संहिताचिकित्सेच्या अभ्यासकाने येथे थबकावे. सुखटणकरांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी हस्तलिखितांतून उपलब्ध होणारा प्राचीनतम पाठ शोधला आणि इतर पाठभेद तळटीपेत उतरवले. येथे क्रम उलटा आहे: सर्वांत ताजा पाठ हीच संहिता, आणि मूळ लेखन हा पाठभेद. शिवाय लेखकाचा मृत्यू घोषित करणाऱ्या बार्थला या पानावर लेखकाच्या हालचालीची मिनिटागणिक नोंद सापडली असती.

शिक्षकांनी अखेर ते वाक्य स्वतःच काढले. त्याने परिच्छेद सफाईदार झाला, हे त्यांनाही मान्य होते. फेरफाराच्या सारांशात ‘संदर्भ उपलब्ध नाही’ असे लिहिताना त्यांनी ‘तूर्त’ हा शब्द मागाहून घातला. चर्चापानावर त्यांची विनंती आहे: त्या आठवड्यातील स्थानिक वृत्तपत्राचे कात्रण कोणापाशी असल्यास दिनांक व पृष्ठांकासह कळवावे.