दोन रेघा

मी बी. कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो. या दोन्ही घटनांत माझा स्वतःचा दोष फारसा नाही. पण त्यातून एक खोड अंगात मुरली आहे, ती म्हणजे बेरीज जुळली नाही तर मला जेवण जात नाही. हल्ली बँकेतल्या बेरजा कॉम्प्युटर करतो आणि मला जेवण फार जातं. म्हणून यंदा सोसायटीच्या गणपतीचं खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा सौभाग्यवतींना आनंद झाला. म्हणाली, "बरं झालं. वजन उतरेल."

वर्गणीची वही मांडून बसलो, तोच भाचा उगवला. भाचा इंजिनिअरिंगला आहे. "मामा, अजून वही? द्या इकडे. जावास्क्रिप्टमध्ये दहा मिनिटांत करतो." मामाने भाच्याला नाही म्हणायचं नसतं. कंसाने ते केलं होतं, पुढचं आपल्याला ठाऊकच आहे.

पहिल्या दिवशी पाच जणांनी वर्गणी दिली होती. मोठ्या रकमेपासून लहान रकमेपर्यंत यादी छापून भाच्याने ती लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावली. सकाळी पाहतो तो पहिल्या नंबरावर ५१ रुपयेवाले वकील! खाली ५०१, मग २१, मग १०१ आणि सगळ्यांच्या तळाशी १००१ देणारे डॉक्टर. लिफ्टमध्ये डॉक्टर तिसऱ्या मजल्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. डॉक्टर गप्प बसला की कुणालाही धडकी भरते. आणि एकूण जमा? ५१५०१२११०११००१ रुपये! म्हणजे एक्कावन्न लाख कोटींच्या वर. एवढ्या पैशांत गणपती बसत नाही, केंद्र सरकारचं बजेट बसतं.

रात्री भाच्याला समोर बसवलं. निघालं ते असं : चौकटीत टाइप केलेला आकडा जावास्क्रिप्टला आकडा वाटतच नाही, अक्षरं वाटतात. त्यामुळे ५१ अधिक ५०१ म्हणजे ५१५०१, नुसतं शेजारी शेजारी ठेवायचं. रकमांचा क्रमही शब्दकोशातल्यासारखा. '५१'तलं दुसरं अक्षर '५०१'तल्या दुसऱ्यापेक्षा मोठं, म्हणून ५१ वर. खरे आकडे दिले तरी, वेगळं बजावून सांगेपर्यंत, ही भाषा त्यांचा क्रम असाच लावते म्हणे!

"ही भाषा केली कुणी?"

"ब्रेंडन आइकने. १९९५ साली. दहा दिवसांत."

मला त्या गृहस्थाबद्दल एकदम आपुलकी वाटली. आमच्याकडे दहा दिवसांत पंख्याच्या दुरुस्तीचा अर्जसुद्धा साहेबांच्या टेबलावर पोचत नाही.

"पण मामा, काळजी नको. लायब्ररी आहे."

मला वाटलं, आता हा वाचनालयात जाऊन पुस्तक आणणार. तसं नव्हे. रोज लागणारी बारीकसारीक गणितं कुणीतरी एकदा नीट लिहून ठेवायची आणि बाकीच्यांनी फुकट वापरायची, याला लायब्ररी म्हणतात. याने काढली तिचं नाव लोडॅश. २०१२ सालची. ती बेरीज करते, क्रम लावते, दोनदा आलेली नावं उडवते आणि लांबलचक रांगेचे सारखे तुकडे पाडते. हे शेवटचं मला लगेच समजलं. आम्ही नोटांच्या शंभराच्या गड्ड्या बांधतो, तेच! फक्त रांगेतल्या पहिल्याला ते शून्य नंबर देतात. आमच्या काउंटरवर कुणाला शून्य नंबर देऊन पाहा.

भाच्याने आधी अक्षरांचे आकडे केले, मग लायब्ररीला कामाला लावलं. डॉक्टर वर गेले, जमा १६७५ झाली. पण माझं मन भरेना. म्हटलं, "हिला विचार, दहा पैसे आणि वीस पैसे किती?"

त्याने ०.१ आणि ०.२ यांची बेरीज मागितली. उत्तरात दशांश चिन्हानंतर ३, मग पंधरा शून्यं आणि शेवटी ४!

"इतकं कोण बघतं, मामा? कॉम्प्युटर दोनाच्या पटीत मोजतो. आपल्याला दहा भागिले तीन जसं कधी संपत नाही, तसा त्याला एक दशांश संपत नाही. लायब्ररी तरी काय करणार?"

मला आमचे जुने हेडक्लार्क आठवले. पाच पैशांच्या फरकासाठी त्यांनी आम्हांला रात्री नऊपर्यंत बसवलं होतं. तेव्हा मनात फार शिव्या दिल्या होत्या. आज म्हटलं, "अरे, इतकं बघण्याचाच पगार घेतो मी. रुपयांत मोजू नकोस, सगळं पैशांत मोज. दहा आणि वीस. अपूर्णांकच नको. रुपये करायचे ते शेवटी, छापताना."

त्याने तसं केलं. तीस आले. नुसते तीस. भाचा थोडा वेळ पडद्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला.

"मामा, पैशांचे हिशेब करणारे चांगले प्रोग्रामर असंच करतात. तुम्हांला कसं माहीत?"

"मग मी बँकेत काय भजी तळतो?"

नवी यादी लागली. वकील एका रात्रीत पहिल्यावरून चौथे झाले. संध्याकाळी दारात आले आणि मुकाट्याने आणखी ४५० रुपये ठेवून गेले. उच्चपदाची चटक वाईट.

लोडॅश म्हणजे खालची रेघ, हे भाच्यानेच सांगितलं. त्यांच्या प्रत्येक कामाआधी ती एक रेघ असते. आमच्याकडे रेघा शेवटी आणि दोन, तेही बेरीज जुळली तरच. रात्री भाचा स्वतःच वही आणि पट्टी घेऊन आला. "मामा, पडद्यावर २१२५ येतात. एकदा वहीतही बघता?"

बघितलं. जुळलं. पट्टी त्याच्याच हातात दिली आणि म्हटलं, "मार दोन रेघा."

त्या रात्री जेवण फार गेलं.