ओट्यापुढच्या चार फरश्या

स्वयंपाकघराची फरशी सगळीकडे सारखी कधीच झिजत नसे. गिरगाव-लालबागच्या चाळींत किंवा पुण्याच्या वाड्यांत सत्तर-ऐंशीच्या दशकांत वाढलेल्या कुणालाही विचारा, आपल्या घरात ती कुठे झिजली होती ते नेमकं सांगेल. आधी शेगडीसमोर, आई पाट घेऊन बसायची तिथे. मग कडप्प्याचा उभ्याचा ओटा आला आणि झीजही तिथून उठून ओट्यापुढे आली. मोरीची कड तर कायमचीच. पाटा-वरवंट्याच्या जागी खळगा पडलेला असे आणि त्यात पुसल्यानंतरही पाणी राही.

फरशी बहुतेक घरांत शहाबादीच. कर्नाटकातलं शहाबाद सोलापूर-वाडी रेल्वेमार्गावर आहे, म्हणून ती आपल्याकडे मुबलक आली. उन्हाळ्यात थंडगार, दणकट, खिशाला परवडणारी. पण हा चुनखडीचा, थराथरांचा दगड. त्याला आंबट सोसत नाही. पितळी भांडी चिंचेने घासायची, कोकमाचं आगळ सांडायचं, लिंबाचं लोणचं कालवायचं, आणि दगडाची चकाकी त्या त्या जागी कायमची जायची. वर्षानुवर्षं पाणी मुरलं की पापुद्रे सुटायचे. दर्जांतला, म्हणजे दोन फरश्यांमधल्या सांध्यांतला, चुना निघून जायचा आणि मग वरच्या मजल्यावरचं पाणी खालच्या बिऱ्हाडात ठिबकायचं. फरशीची दुरुस्ती निघायची ती बहुतेक वेळा या ठिबकण्यामुळे. नुसतं वाईट दिसतं म्हणून कुणी फरशी उकरत नसे.

मालक काही करील अशी आशा नसे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी जागीच थांबली होती. आतल्या खोलीची फरशी ही भाडेकरूनेच बघायची गोष्ट, हे दोन्ही बाजूंनी न बोलता मान्य होतं. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. १९८२ मध्ये ते थोडं सैल झालं, १९८९ मध्ये पूर्ण उठलं. त्याआधी पोतं मिळवायचं म्हणजे परमिट, ओळख किंवा कुणाच्या तरी बांधकामावरचं उरलंसुरलं. आणि मिळालं तरी पोतं पन्नास किलोचं. चार फरश्यांना एवढं काय करायचं? उरलेलं ठेवावं तर पहिल्या पावसाच्या दमटपणात त्याचा धोंडा होतो.

म्हणून बायकांनी एक व्यवस्था बसवली होती, आणि ती मला आजही फार शहाणपणाची वाटते. मे महिना लागला की गॅलरीत बोलणं व्हायचं. जोशीकाकूंची मोरी, आमचा ओट्यापुढचा भाग, शेवटच्या खोलीतला उंबऱ्याजवळचा खड्डा, असं काम जमवलं जायचं. पोतं एक, वाळू एक हातगाडी, गवंडी एक दिवसाचा. खर्च वाटून. गवंडी यायचा तो आधी थापीच्या मुठीने फरशी ठोकत फिरायचा. भरीव फरशीचा आवाज वेगळा, पोकळ झालेलीचा वेगळा. जी पोकळ बोलेल तेवढीच काढायची; बाकीच्यांच्या दर्जा खरवडून पुन्हा भरायच्या. काढलेली फरशी धड असली तर उलटी करून बसवायची. आतली बाजू खडबडीत, पण मोरीजवळ तीच बरी, पाय घसरत नाही. नवा दगड आणायचा तो फक्त तुटलेल्याच्या जागी.

ज्यांना एवढंही जमण्यासारखं नव्हतं ते खराब भाग टाचून त्यावर कोबा घालून घेत. वरून सिमेंटच्या घोटाईत लाल रंग, कडेला काळी पट्टी. काही घरांत टाइलच्या दुकानातले फुटके तुकडे पोत्याने आणून चायना मोझॅक केलं जाई. तुकडे निवडायचं काम मुलांचं. निळा तुकडा क्वचित निघायचा आणि तो कुठे बसवायचा यावरून भांडणं व्हायची.

ताज्या सिमेंटवर आई त्याच पोत्याचं गोणपाट भिजवून पसरायची आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडायची. निदान आठवडाभर तरी ओल टिकली पाहिजे, नाहीतर तडे जातात, हे तिला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. तोवर स्टोव्ह गॅलरीत. खिचडी, पिठलं-भात, आणि समोरच्या घरातून येणारी झाकलेली पातेली. काम संपल्यावर तेच गोणपाट धुऊन पायपुसणं व्हायचं.

मग प्लॅस्टिकचं कापड आलं, मीटरवर मिळणारं, संगमरवराच्या नक्षीचं. तासाभरात स्वयंपाकघर नवं! भाड्याच्या घरात, जिथे फरशीला हात लावायची परवानगी नाही, तिथे त्याने मोठी सोय केली हे खरं. पण मोरीजवळच्या ओलीवर ते अंथरणं मला कधीच पटलं नाही. ओल खाली कोंडते, वास सुटतो, झुरळांना घर मिळतं, आणि गरम कुकर टेकला की कायमचा गोल डाग. अंथरायचंच तर मोरीपासून हातभर अलीकडे थांबवावं आणि आठवड्यातून एकदा उचलून खालची जमीन वाळू द्यावी. पुढे फरशीवरच सिरॅमिक टाइल बसवायची पद्धत आली. तोडफोड वाचली, पण जमीन वर आली आणि दारं अडायला लागली. सुताराला बोलावून खालची कड तासून घ्यावी लागे.

आता शहाबादी अजून मिळते, सिमेंटही कोपऱ्यावरच्या दुकानात सुटं किलोवर मिळतं. अडतं ते माणसापाशी. चार फरश्यांसाठी गवंडी येत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे, अर्ध्या दिवसाच्या मजुरीत त्याचं भागणार कसं? आमच्या सोसायटीत यंदा तीन घरांनी मिळून त्याला पूर्ण दिवसाचं काम दिलं. एकीकडे दर्जा, एकीकडे बाल्कनीची गळती, आमच्याकडे ओट्यापुढचा भाग. त्याने आल्याबरोबर थापी उलटी धरली आणि ठोकायला सुरुवात केली. दोनच फरश्या पोकळ निघाल्या.