पाणवठ्यावरची रात्र

सरकारी जंगलात रात्र काढायची तर आधी परवानगी लागते, हे मला शाळेच्या वयातच ठाऊक होतं. आमच्या घरी ती परवानगी मामाच्या रूपाने यायची. मामा मेळघाटात वनपाल होता. परतवाड्याला आमच्याकडे आला की त्याच्या खाकी शर्टाला विडीचा आणि ओल्या लाकडाचा वास असायचा. सुट्टी लागली की तो आम्हा भाच्यांना डेपोत माल उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये बसवायचा आणि वर घेऊन जायचा. सेमाडोहपर्यंत ट्रक, पुढे मिळेल ते. मुक्काम कोलकासला.

कोलकासचं वनविश्रामगृह सिपना नदीच्या वळणावर, उंच काठावर आहे. व्हरांड्यात उभं राहिलं की खाली नदी आणि समोर सागाचे डोंगर, एवढंच. ही विश्रामगृहं मुळात पाहुण्यांसाठी नव्हती. इंग्रजी अमदानीत साहेब घोड्यावरून दौऱ्याला निघायचा. दिवसभराची मजल संपली की त्याला छप्पर हवं, म्हणून जंगलखात्याने अशा इमारती बांधत नेल्या. रुंद व्हरांडा, उंच छत, लांब हाताच्या आरामखुर्च्या, आणि सैपाकघर मात्र मागे, वेगळं. टेबलावर एक जाडजूड नोंदवही असायची. नाव, हुद्दा, येण्याचं कारण. आमच्यासाठी मामा ‘खासगी’ लिहायचा, ठरलेलं भाडं भरायचा आणि पावती जपून ठेवायचा. खात्यातला माणूस म्हणून फुकट राहणं त्याला मंजूर नव्हतं.

संध्याकाळी खानसामा कंदिलाच्या काचा राखेने पुसायचा, रॉकेल भरायचा. जेवणं झाली की मामा व्हरांड्यातला कंदील उचलायचा आणि वात खाली खाली करत पार विझवून टाकायचा. आम्ही घाबरून एकमेकांना चिकटायचो. ‘थांबा जरा,’ तो म्हणायचा, ‘डोळ्यांना येळ लागते.’ मग तो काही बोलायचा नाही. काळोखाचा जाड पडदा हळूहळू विरळ व्हायचा. आधी आभाळ आणि डोंगर वेगळे व्हायचे, मग नदीचं पात्र दिसायचं, मग पात्रातले दगड. त्यातला एखादा दगड चालू लागायचा, आणि तो सांबर निघायचा.

अंधाराला डोळे पुरते सरावायला अर्धा तास लागतो, हे शास्त्र पुढे कळलं. त्या अर्ध्या तासाची कमाई विजेरीच्या एका झोताने जाते आणि पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागतं. मामाला हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. रात्रीच्या गस्तीत हातातला उजेड आपल्यालाच आंधळं करतो, हे त्याने सोसून शिकलेलं होतं. जंगलातल्या मुक्कामाबद्दल माझं जे काही मत आहे, ते त्या विझवलेल्या कंदिलापासून सुरू होतं.

मधली वर्षं पुण्यात गेली. नोकरी, सह्याद्रीतले गड, लेण्यांमधले मुक्काम, भीमाशंकरचा पाऊस. ते सगळं मनापासून केलं. पण सह्याद्रीत आम्ही सतत चालत असायचो. मुक्कामाला पोचायचं, तीन दगडांवर खिचडी शिजवायची, झोपायचं, पहाटे पुढचा गड. एका जागी रात्रभर जागं बसायचं तिथे सुचलंच नाही. ते मला पुन्हा मेळघाटानेच शिकवलं, वैशाखातल्या पौर्णिमेला.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राणी मोजायची खात्याची पद्धत जुनी आहे. वैशाख निवडण्यामागे साधा हिशेब आहे. मेळघाटातल्या सिपना, गडगा, डोलार, खंडू, खापरा या नद्या पुढे तापीला मिळतात, पण मे महिन्यात त्यांची पात्रं बहुतेक कोरडी पडलेली असतात. पाणी उरतं ते डोहात, झिऱ्यात आणि खात्याने टँकरने भरलेल्या सिमेंटच्या बशीसारख्या टाक्यांत. पानगळ झालेली, त्यामुळे दूरवर दिसतं. त्यात पूर्ण चंद्र. जनावर पाण्याला येणारच, आणि आलं की दिसणारच.

तेव्हा वाघांची मोजदाद पंजांच्या ठशांवरून व्हायची. काच ठेवून ठसा गिरवायचा, कागदावर उतरवायचा. मेळघाट हा 1973-74 मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांतला एक, महाराष्ट्रातला पहिला, त्यामुळे या कामाचा तिथे दरारा होता. पुढे 2005 च्या सुमारास राजस्थानातल्या सरिस्क्यात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, ठशांच्या आकड्यांवरचा विश्वास उडाला आणि झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांनी ते काम घेतलं. पाणवठ्यावरची मोजणी शास्त्र म्हणून मागे पडली. एकच अस्वल दोन पाणवठ्यांवर जाऊ शकतं, हा आक्षेप खराच आहे. पण खात्याने ती रात्र बंद केली नाही, निसर्गानुभव म्हणून लोकांसाठी चालू ठेवली. या एका गोष्टीसाठी मी खात्याचा कायमचा ऋणी आहे.

मला पहिल्यांदा मिळालेलं मचाण धारगडच्या बाजूला होतं. सोबतीला एक कोरकू वनमजूर, माझ्या वडिलांच्या वयाचे. मी त्यांना बाबा म्हणायचो. त्यांनी आधी माझी पिशवी उघडायला लावली. वेफरची पाकिटं बाहेर काढली, खायचं ते फडक्यात बांधलं आणि पाकिटं खाली जीपमध्ये पाठवली. चुरचुर वाजणारं काहीही वर न्यायचं नाही. अंगाला पावडर लावली होती का, ते वाकून हुंगलं. मग म्हणाले, ‘पाणी एकच हाये. सारेच येतीन. आपुन फक्त नसल्यावानी ऱ्हायचं.’

दुपारभर काहीच घडलं नाही. माकडं आली, मोर आले, मधमाश्या ओल्या मातीवर बसून राहिल्या. सूर्य कलला, चंद्र वर आला आणि समोरचं भुत्याचं झाड, म्हणजे कांडोळ, पांढऱ्या खोडानिशी अंगावर आल्यासारखं उजळलं. रातवा एकसुरी टकटक करू लागला. पहिला आवाज आला तो सुक्या पानांचा, बेफिकीर, पाय ओढत चालल्यासारखा. वाघ असा येत नाही. बाबांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं.

अस्वलाची मादी होती. पाठीवर केसांत मुठी रोवून दोन पिल्लं बसलेली. ती थेट पाण्याशी आली, पुढचे पाय दुमडून वाकली आणि बशीतून चहा ओढावा तसा आवाज करत प्यायला लागली. ती वाकताच एक पिल्लू मानेवरून घसरून पाण्यात पडलं, कुंईकुंई करत बाहेर आलं आणि तिच्या मागच्या पायावरून पुन्हा वर चढलं. तिने पिणं थांबवलं नाही. एवढ्यात मला भुत्याच्या खोडामागे आणखी एक आकार दिसला. सांबराची मादी तिथे बराच वेळ उभी असली पाहिजे. कान पुढे, एक पाय उचललेला. तहान दोघींनाही होती, पण अस्वल निघून जाईपर्यंत ती त्या खोडाआडून हलली नाही, आणि गेल्यावरही लगेच आली नाही. वाऱ्याची दिशा बदलायची वाट पाहिली, मग एकेक पाऊल. मध्यरात्रीनंतर गवे आले आणि त्यांनी पाणी गढूळ करून टाकलं. वाघ आला नाही. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

पाण्यावर कोण आधी, कोण नंतर, कोण कुणाला वाट देतं, हे त्या रात्री पाहिलं. जिप्सीत बसून तासाला दहा प्राणी पाहणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही, असं मी अगदी ठामपणे म्हणेन. तो प्राणी पाहतो, पण प्राण्याची वाट पाहणं त्याच्या वाट्याला येत नाही.

सकाळी उतरल्यावर बाबांनी वाटेत एका मोकळ्या गवताळ पट्ट्यात जीप थांबवायला लावली. कडेला आंब्याची जुनी झाडं होती, मोहाची होती, एका ओट्यावर शेंदूर लावलेले दगड होते. ‘हा माह्या आज्याचा आंबा,’ ते म्हणाले. त्यांचं गाव तिथे होतं. वाघासाठी मेळघाटाच्या आतल्या बोरी, कोहा, कुंड अशा गावांचं पुनर्वसन होत गेलं, त्यांतलंच ते. पुढे केंद्राच्या योजनेत कुटुंबामागे 10 लाख रुपये ठरले, काहींना जमीन मिळाली, काहींचा पैसा बघता बघता संपला. बाबांनी कुरकूर केली नाही. आंब्याखाली दोन मिनिटं उभे राहिले आणि परत गाडीत बसले.

या गोष्टीवर माझं मन अजून दोन्हीकडे ओढलं जातं. जिथे शेतं होती तिथे आज कमरेइतकं गवत आहे, त्यावर सांबरं आणि गवे चरतात, हे मी पाहिलंय. वाघाला शांत मुलूख लागतो, हेही मला पटतं. पण ज्यांना तिथली रात्र पिढ्यान्‌पिढ्या आपली वाटत होती ते बाहेर आणि पावती फाडलेला मी मचाणावर, हे सहज गिळता येत नाही. निदान त्या मचाणावर, त्या फाटकावर, गाइडच्या यादीत पहिलं नाव त्यांच्या मुलांचं असावं. हा उपकार नाही, हक्क आहे.

आणि मग जंगलाच्या कडेची ती रिसॉर्टं. शनिवार-रविवारी तंबूंची रांग, झाडांवर रंगीत दिव्यांच्या माळा, मधोमध शेकोटी, भोवती गाणी. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा खात्याचा वणव्याचा हंगाम. मामाची माणसं या दिवसांत पानं झाडून जाळरेषा साफ ठेवायची, वणवा दिसला की हिरव्या फांद्या घेऊन रात्रभर बदडायची. मोह वेचणाऱ्यांनी झाडाखालचा पाचोळा पेटवला की आग पसरते, म्हणून त्यांच्यावर सगळे बोट ठेवतात. त्यांच्या निदान पोटाचा प्रश्न असतो. हौसेखातर पेटवलेल्या आगीला काय म्हणायचं? शिवाय त्या उजेडाभोवती बसलेल्यांना शेकोटीपलीकडचं एकही झाड दिसत नाही. जंगलात येऊन त्यांनी जंगल स्वतःच्या हाताने पुसून टाकलेलं असतं. थंडीची रात्र असेल तर घोंगडी पांघरावी. दिवे मालवावेत, अर्धा तास गप्प बसावं. त्याला पैसे पडत नाहीत.

खात्याकडे माझं मागणंही एवढंच आहे. सेमाडोहसारख्या ठिकाणी शाळकरी मुलांना परवडेल अशी साधी निवासाची सोय टिकवावी. सतरंजी, मच्छरदाणी, वरण-भात, आणि रात्री उजेड नाही. मारुती चितमपल्ली याच खात्यात नोकरी करता करता जंगल वाचायला शिकले आणि मग त्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला ते वाचून दाखवलं. किरण पुरंदरे नागझिऱ्यात 400 दिवस राहिले, तेव्हा त्यांचं ‘सखा नागझिरा’ हे पुस्तक झालं. पुढचं कुणी तयार व्हायचं तर त्याला लहानपणी एक काळोखी रात्र मिळालीच पाहिजे.

यंदाच्या बुद्धपौर्णिमेला भाची माझ्याबरोबर होती, नववीतली. सोबतचा वनरक्षक तरुण होता. नोंदीचा कागद तिच्याकडे दिला. वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लं, शेरा. रात्रभर ती लाल जिलेटिन कागद लावलेल्या मिणमिणत्या विजेरीत, मांडीवर धरून लिहीत होती. सकाळी बेरीज करताना तिने पेन थांबवलं. नऊच्या सुमाराला आलेली सांबराची मादी आणि पहाटे तीनला आलेली एकच, असं तिचं म्हणणं. दोन्ही वेळेला डाव्या कानाचं टोक फाटलेलं होतं. वनरक्षक म्हणाला, दोन लिहिलं तरी चालते, कोण बघते? ती ऐकेना. तिने कान कसा फाटलेला होता ते कागदाच्या कडेला काढून दाखवलं. तो बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिला, मग मान डोलावली. सांबरांचा आकडा एकाने कमी झाला, शेऱ्यात कारण लिहिलं गेलं आणि कागद जमा झाला.